कोणतं हाव, कांते?

कांते, तुला बसवलेलं पाहिलं आणि मला हसू आलं. तोंडावर पदर घेतला, तर शेजारच्या बाईला वाटलं हुंदका आहे. तिनं पाठीवरून हात फिरवला. आता तिला काय सांगू? तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात, कपाळभर विभूती, हातात लिंग, अंगावर बेलाची पानं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जी बाई उभ्या जन्मात कुठल्या बैठकीत धड टेकली नाही, "तुमी बोलत ऱ्हावा, मी गोदाम बघून येते" म्हणून निसटायची, तिला एवढ्या लोकांनी मिळून एका जागी बसवलं होतं. आणि तू डोळे मिटून सगळ्यांचं ऐकून घेत होतीस. मध्ये तोंड घातलं नाहीस. मग माती पडायला लागली आणि माझं हसू गेलं.

तुझं शिक्षण, तुझं माहेर उदगीरचं, तुझ्या मागं कोण कोण, ते सगळं तुझ्या लेकीनं, गौरीनं पेपरात दिलंय. फोटोही बरा निवडलाय, चष्म्याशिवायचा. माझं तुझ्याशी भांडण राहिलंय, ते मी इथं लिहिते.

त्या दिवशी नांदेडला परत निघाले तेव्हा गौरी दारापर्यंत आली. कडेवर बाळ, डोळे कोरडे. म्हणाली, "मावशी, तुमचा तो रकाना असता तर आई वाचली असती का?"

मी म्हणाले, "बघून सांगते." जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. जशी काय तू म्हणजे कुणाची तरी बंद पडलेली सिस्टीम. गौरीनं मान हलवली आणि बाळाला घेऊन आत गेली. बस लोह्याच्या पुढं येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती.

रकाना काय, ते वाचणाऱ्याला सांगावं लागेल. त्याच्या आधी हाव, म्हणजे आपल्याकडचं हो, सांगावं लागेल. आणि हाव सांगायचं तर त्या वेळची मी दाखवावी लागेल. तुला काय, तू ती गोष्ट दर लग्नात पंगतीला बसून सांगायचीस.

तर पुण्याहून संगणकाचा डिप्लोमा घेऊन नांदेडात उतरलेली मी. लई म्हणायची लाज वाटायला लागलेली, खूप म्हणायची. आमची आई म्हणे, "खूप खूप काय करून राहिलीस, जेव आता." माझ्याकडं एक हिरवी प्लॅस्टिकची पट्टी होती, तिला चौकोनी, तिरकी भोकं. ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की आराखडा तयार. ती पट्टी मी पर्सच्या बाहेर दिसेल अशी ठेवायची, डॉक्टर लोक गळ्यात नळी ठेवतात तशी. आणि घरावर पाटी: सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट. पाटी लागली त्याच आठवड्यात भोकरचे एक आजोबा दारात उभे, हातात कागदात गुंडाळलेली बाटली. "अ‍ॅनालिस्ट तुमीच का, बाई? सकाळची पयलीच हाय." मी त्यांना ओट्यावर बसवून माहितीप्रणाली म्हणजे काय ते समजावून सांगितलं. धंद्यात माहिती कुठून येते, कुठं जाते, कुठं अडते. आजोबा "हाव, हाव" करत राहिले, आणि मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात बाटली ओट्यावर ठेवून निघून गेले.

हे तुला सांगितलं त्या दिवसापासून माझं कुठं चुकलं की तू म्हणायचीस, "बाटली ठिवून गेले बग, विमे."

पण तेव्हा तू मला विमे म्हणत नव्हतीस. तेव्हा तू लातूरच्या दाळमिलमध्ये आवक-जावक लिहिणारी शिवकांता, आणि मी मालकांनी बोलावलेली पुण्याची बाई. मी गोदामवाल्यांना, हमालांना, काट्यावरच्या माणसाला, एकेकाला खुर्चीत बसवून विचारलं. माल आला की नोंद करता का? हाव. लगेच करता? हाव. मग तीच नोंद संगणकावर केली तर सोपं जाईल ना? हाव. मी घरी जाऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: सर्व विभागांची पूर्ण सहमती. नारळ फुटला, पेढे झाले, संगणकाला हार घातला. दुसऱ्या दिवशी त्या संगणकाकडं कुणी फिरकलं नाही. आठवड्यानं हार वाळला, तो काढायलाही कुणी हात लावला नाही, न जाणो मशीन बिघडायचं.

मी तणतणत तुझ्याकडं आले. "सगळ्यांनी होकार दिला होता!"

"कवा?" तू मान वर न करता विचारलंस.

"मी विचारलं तेव्हा. प्रत्येक जण हाव म्हणाला."

तेव्हा तू पेन खाली ठेवलंस. "अवो बाई, हाव म्हंजे बोला, ऐकून राहिलो. तुमी थांबतच नव्हत्या. मदी मदी हाव नसतं म्हनलं तर तुमाला वाटलं असतं मानूस झोपला."

त्या दुपारी तू मला हाव शिकवलंस, मिलच्या मागं, तुरीच्या भुशात उभी राहून. लांबवलेलं हाऽव म्हणजे मला पटलं नाही पण तुम्ही मोठे. हाव ना म्हणजे हे मला आधीच ठाऊक होतं. खाली बघून म्हटलेलं हाव म्हणजे मालकाला सांगू नका. आणि जोडीनं आलेलं हाव हाव म्हणजे कळलं, आता पुरं करा. "आणि खरं हाव कसं असतं?" मी विचारलं. तू म्हणालीस, "खरं हाव आसंल तर मानूस हाव म्हनतच न्हाई. तो ईचारतो, कवापासून?"

पुढं मी कॉलेजात ह्या विषयावर तास घेतले, मुलांना जाड जाड पुस्तकं वाचायला लावली. एवढं कामाचं वाक्य त्यात मला सापडलं नाही. म्हणून तर तुला मिलमधून उचलून आणलं. लातूरची गिऱ्हाइकं तू बघायचीस, नांदेडची मी, आणि लोह्याच्या स्टँडवरचा चहा दोघींचा. पेट्रोल पंप, अडत दुकानं, बियाण्यांच्या एजन्सी, सगळीकडं आपण दोघी जाऊन माणसांना सतावलं. मी विचारायची, तू त्यांचं हाव ऐकायचीस, आणि बाहेर आल्यावर मला सांगायचीस ह्यातलं किती खरं.

आता रकाना.

तुझ्या गल्लीपासून जवळच एका डॉक्टरांची तपासणी लॅब. रक्त, लघवी आणि गाठींचे तुकडेही, ते मोठ्या शहरात जाऊन यायचे. त्यांचं काम आपल्याला मिळालं तेव्हा मी म्हणाले, बघ, भोकरच्या आजोबांचा आशीर्वाद. नमुना आला, तपासायला गेला, रिपोर्ट तयार, रिपोर्ट दिला. पडद्यावर एवढे चार रकाने. मी पाचवा काढला होता: समजला. पेशंटला काय निघालं ते समजलं का. लोह्याला चहा पिताना तू तो पेन्सिलीनं खोडलास.

"का?"

"समजला हे मशीनला कसं समजायचं?"

"काउंटरची मुलगी विचारेल आणि खूण करेल."

"तिच्यापुढं रांग लागलेली आसती, विमे. ती सांजच्याला समद्यांच्या नावापुढं एकदम खूण करून घरी जाईन. मंग डॉक्टर म्हनतील, समजलंय की, लिव्हलंय हितं. रिकामा रकाना परवडला, खोटं बोलणारा न्हाई."

"म्हणजे विचारायचंच नाही?"

"ईचारायचं की. मानसानं. रकान्यानं कशाला?"

मी म्हणाले, माणूस विसरतो म्हणून तर सिस्टीम करतात. तू म्हणालीस, सिस्टीम आली म्हणूनच माणूस विसरतो. बस लागली, कंडक्टर ओरडला, तरी आपण बोलतच होतो. डॉक्टरांना तुझं पटलं, कारण त्यात एक खूण कमी होती. रकाना गेला. मी चिडले आणि दोन-तीन महिने तुझ्याकडच्या शेंगदाण्याच्या पोळ्याही खाल्ल्या नाहीत, म्हणजे शिक्षा कुणाला झाली ते तूच ठरव. पुढं आपण म्हाताऱ्या झालो, काम सुटलं. ती सिस्टीम मात्र कुणीकुणी नव्या मशीनवर चढवत नेली. चार रकाने तेच.

मग तुझ्या मानेतली गाठ. काढली, तुकडा त्याच लॅबमधून बाहेर गेला. तेव्हा गौरी माहेरी होती, पोटुशी. आधीचं एक गेलेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं, मनाला त्रास द्यायचा नाही म्हणूनही. मी फोनवर विचारलं, गाठीचं काय झालं ग? तू म्हणालीस, "काई आसतं तर बोलावलं आसतं." आणि गौरीला किती वेळा उलटी झाली ते सांगत बसलीस.

बाळ झालं. बाराव्या दिवशी मी पाळण्याला आले तेव्हा तुझा आवाज बसलेला होता. मी म्हणाले, ओव्या गाऊन बसला का? तू हसलीस. पंधरा दिवसांनी तू स्वतःहून दवाखान्यात गेलीस आणि तिथनं सगळे पळायला लागले. तोवर ते मानेतून छातीत उतरलं होतं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागवला. त्यात सगळं लिहिलेलं होतं, कितीतरी आधीपासून. आणि लॅबच्या पडद्यावर तुझ्या नावापुढं चौथा रकाना: दिला.

ते ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, मी जिंकले. एक क्षणभरच, पण वाटलं. मी दवाखान्यात तुझ्याजवळ बसायची, तू अर्धी शुद्धीत, आणि माझ्या तोंडात सारखं ते एकच वाक्य, तरी मी म्हणत होते. मी ते गिळलं. तुला कळत होतं. एकदा डोळे उघडून म्हणालीस, "काय गिळून राहिलीस, विमे?"

"चहा."

"कप कुटंय?"

कप नव्हता. तू पुन्हा डोळे मिटलेस. त्या दिवशी एवढंच बोललो. त्यानंतरही रकान्याचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही नाही. मला वाटलं होतं, अजून वेळ आहे.

तर मी बघायला गेले. आपल्या धंद्यात हे शेवटचं काम, केलेल्या सिस्टीमनं खरंच काय केलं ते बघायचं. ते कुणालाच नको असतं, नारळ फुटल्यावर मालक दार लावून घेतो. डॉक्टरांनी मात्र मला पाहून खुर्ची पुसली. घाबरलेले. "मॅडम, तुम्ही म्हणाल तो रकाना घालू. उद्याच घालू." मी म्हणाले, आधी काउंटरच्या मुलीशी बोलते.

रेश्मा तिचं नाव. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "मी फोन केला व्हता, मॅडम."

"कुणाला?"

"कांतामॅडमलाच. ही सिस्टीम त्यांनी केलेली ना, म्हून मला ध्यानात हाय, मी भेत भेतच केला. म्हनले, मॅडम, तुमचा गाठीचा रिपोर्ट आलाय, सायबांनी लवकर भेटा म्हनलंय. चांगला न्हाई म्हनले. मोबाईलवरबी पाठवला."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"हाव हाव म्हनल्या."

जोडीनं, कांते.

मी तिला म्हणाले, कसं म्हणाल्या ते म्हणून दाखव. ती गोंधळली. म्हणून दाखवलं. मी म्हणाले, पुन्हा. पुन्हा म्हणाली. एकदा ते लांबलं, एकदा मध्येच तुटलं, एकदा तर तिच्या स्वतःच्या आवाजातच आलं. पाठीमागं काही ऐकू येत होतं का? कुकरची शिट्टी झाली, म्हणाली, आणि कुणीतरी आतून "आई" म्हणून हाक मारली. मग फोन ठेवला गेला. रेश्मा रडायला लागली. "माझं चुकलं का, मॅडम?" मी तिला सांगितलं, नाही. तिचं चुकलं नव्हतं. माझा पाचवा रकाना असता तरी तिनं इमानदारीनं खूण केली असती. समजला. सांगितलं, ऐकलं, हाव म्हणाल्या.

म्हणजे तू म्हणायचीस तेच. रकाना खोटं बोलला असता, आणि तेही तुझ्या आवाजात. पण तू म्हणायचीस की माणसानं विचारावं. तर विचारलं होतं की ग माणसानं.

डॉक्टरांना काहीतरी सांगायचं म्हणून मी सांगितलं, खूण नको, पेशंट स्वतः काय करणार म्हणतो ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या. ही तुझीच रीत, मी तुझ्या नावानं खपवली. दोन दिवसांनी जाऊन पाहिलं. त्या जागेत खालोखाल लिहिलेलं: हाव. हाव. हाव. हाव म्हणाले. हाव. मी तिथंच उभी राहून एकटी हसले आणि तुला सांगायला पर्समधून मोबाईल काढला. तुझं नाव पडद्यावर आलं तेव्हा कळलं मी काय करून राहिले ते.

नांदेडला जायच्या ऐवजी मी लातूरच्या स्टँडवर बसून राहिले. तू शिकवलेलं सगळं हाव काढून बसले. जोडीनं आलेलं हाव हाव म्हणजे कळलं, आता पुरं करा. पण कोणतं पुरं करा? कुकर उतरवायचाय, पोरगी हाक मारतेय, काय ते नंतर बघू, असं? आणि नंतर ते डोक्यातून गेलंच, तुझ्यासारखीच्या डोक्यातूनही गेलं? का पोरगी आत आहे, तिच्या कानावर जाईल, मला कळलंय, गप्प बस, असं?

कळलं असेल म्हणावं, तर त्याच महिन्यात तू मला विचारत होतीस, दिवाळीनंतर रेणापूरच्या त्या खतवाल्याचं काम फुकट करून देऊ या का, घरी बसून डोकं गंजून राहिलं. मरणारं माणूस असलं विचारतं का? आणि कळलं नव्हतं म्हणावं, तर बाळंतीण उठून बसल्याबरोबर तू कुणी न सांगता दवाखान्यात कशी गेलीस? मोबाईलवरचा रिपोर्ट उघडला कधी, ते सापडत नाही. तू तर सगळं मला येऊन सांगायचीस, कांते. शेजारणीची कढी फाटली तरी सांगायचीस. हे एवढं मला सांगितलं असतंस तर मी गौरीला सांगितलं असतं, म्हणून नाही सांगितलंस का? तुझा अंदाज बरोबर आहे. मी सांगितलं असतं.

माणसं ओळखायला मी जन्मभर तुझा कान वापरला. नेमकं तुझंच हाव ओळखायची वेळ आली आणि तो कान मातीत.

काल गौरीकडं गेले. जाताना तीन उत्तरं तयार होती. रकाना असता तर वाचली असती, म्हणजे पोरीला राग काढायला एक लॅब मिळाली असती. नसती वाचली, विसरली ग ती, म्हणजे आईचा राग आला असता, पण तो निभला असता. तिसरं मी कुठं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. ती पोळ्या लाटत होती. तसंच लाटता लाटता म्हणाली, "बघितलं का, मावशी?"

"बघितलं. रकाना असता तरी काही झालं नसतं. लॅबमधून फोन आला होता. तुझ्या आईनं घेतला. हाव हाव म्हणाली."

लाटणं थांबलं. तुझी पोरगी ती, पाळण्यात असल्यापासून हावाच्या गोष्टी ऐकलेली. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"कधी आला होता फोन?"

मी उठून तव्यावरची पोळी उलटली.

"मावशी, कधी?"

"तू पलंगावर होतीस तेव्हा. आतून तू हाक मारलीस, असं ती मुलगी म्हणाली."

पीठ भरलेले हात तिनं तसेच परातीत ठेवले. "म्हणजे माझ्यासाठी."

"माहीत नाही, गौरी."

"तुम्हाला माहीत आहे."

"खरंच नाही ग. मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. घाईत असेल, विसरली असेल. ते पण होऊ शकतं."

"आई विसरली असेल?" ती हसली, कांते. अगदी तुझ्यासारखी. आणि मग म्हणाली, "खोटं तरी बोलायचं होतं, मावशी. एवढ्या मोठ्या तुम्ही. एक खोटं बोलता येत नाही का?"

तुला आलं असतं. मला माहीत आहे, तू तिच्या तोंडावर हात फिरवून असं काही सांगितलं असतंस की पोरगी जेवून झोपली असती. आणि बाहेर आल्यावर आपण भांडलो असतो. मी म्हणाले असते, तिला कळायचा हक्क आहे. तू म्हणाली असतीस, हक्क घालून पी चहात.

बाळ उठलं, रडायला लागलं. गौरीनं ते उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता आतल्या खोलीत गेली. जा म्हणाली नाही, थांबा म्हणाली नाही. तुझी नात माझ्या पदराशी खेळायला लागली. मी तिला हलवत बसले, तव्यावरची पोळी करपत होती तरी उठता येईना. तुझा राग येत होता. कळून गप्प बसली असशील तर त्याचा, आणि कळलंच नसेल तर त्याचा. दोन्ही राग धरून मी तिथं बसून राहिले, आत तुझी पोरगी तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि तिच्याकडं जाऊन काय म्हणायचं ते मला सांगायला घरात कुणी नव्हतं.